अर्धा खवा

मेळघाटातल्या सेमाडोहचे एक मामा रोज पहाटे गवळ्यांकडून खवा घ्यायचे, डबे मोटारसायकलला बांधायचे आणि परतवाड्याला निघायचे. गाडी शंभर सीसीची, सीट फाटलेली, ब्रेक ड्रमचे. पण चेनला तेल चुकायचं नाही आणि टायर गोटा झालेला त्यांना खपायचा नाही. सिपना नदी मागे टाकून घटांगचा रस्ता धरला की प्रत्येक वळणाआधी गिअर खाली, हॉर्न, डावी कड. गावातली पोरं त्यांच्या गाडीला 'बंडी', म्हणजे बैलगाडी, म्हणायची.

श्रावणात अमरावतीहून भाचा आला. नवी दोनशे सीसीची गाडी, दोन्ही चाकांना डिस्क, वर एबीएस. पोरगा खरोखर तरबेज होता, हे कबूल केलं पाहिजे. ओल्या डांबरावर मागचं चाक सरकलं तरी गाडी सावरायचा, हेल्मेटशिवाय किक मारायचा नाही. एबीएसबद्दल मात्र त्याची समजूत जाहिरात बघून झालेली. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, म्हणून गाडी घसरत नाही आणि हँडल ताब्यात राहतं. पुढचा रस्ता काही ते लांबवून देत नाही.

"मामा, आज खवा मी नेतो. तुम्ही आराम करा."

"ने लेका. पण अर्धा माह्या गाडीवर राहू दे. मी मागून येतो."

भाचा हसला आणि दोन वळणांत दिसेनासा झाला.

मेळघाट 1974 पासून व्याघ्र प्रकल्प आहे, पण इथल्या रस्त्यावर दुचाकीवाल्याची गाठ वाघापेक्षा गव्याशी पडायची शक्यता जास्त. वयात आलेला नर आठशे-नऊशे किलोंचा, अंगाने काळाभोर. सागाच्या सावलीत तो दगडासारखा मिसळून जातो. हॉर्न वाजला तरी घाईने हलेलच असं नाही.

मामा पोचले तेव्हा भाचा एका आंधळ्या वळणापुढे गाडी स्टँडला लावून उभा होता. हात थरथरत होते, चेहरा मात्र फुललेला. "मामा, गवा होता, मधोमध! कचकन ब्रेक दाबला, पण गाडी आडवी नाही होऊ दिली. दुसरा कोणी असता तर गेलाच होता."

"गाडी कितीवर होती?"

"साठ असेल."

मामांनी आधी आपली गाडी कडेला घेतली. मग रस्त्यावर उकिडवे बसले. दरडीवरून वाहून आलेल्या गाळात गव्याचे खूर स्पष्ट उमटले होते, पंज्याएवढे. त्यातल्या एका खुरावरून टायरची नक्षी गेली होती आणि चार पावलं पुढे जाऊन थांबली होती.

"हे पाह्य. गवा इथं उभा होता. तुही गाडी तिथं थांबली. तो बाजूले निंगाला म्हणून तू उभा आहेस."

भाचा गप्प झाला. मामा पावलं मोजत मागे गेले, गवा पहिल्यांदा दिसू शकतो त्या जागेपर्यंत. पंचेचाळीस पावलं भरली.

हिशेब शाळेतलाच आहे. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो. तेवढ्यात साठची गाडी जवळपास 17 मीटर पुढे गेलेली असते, चाळीसची 11. पुढचं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वेग दीडपट तर अंतर सव्वादोनपट. मामांना वर्ग-बिर्ग ठाऊक नव्हतं.

"जेवढं दिसते तेवढ्यात गाडी थांबली पाह्यजे," ते म्हणाले. "वळणावर कमी दिसते, म्हणून मी बंडी होतो. सरळ रस्त्यावर मी बी पळवतो."

"अन् तो हलला नसता तर?"

"म्हणून तं अर्धा खवा माह्यापाशी ठेवला."

त्या दिवशी परतवाड्याला खवा नेहमीपेक्षा उशिरा पोचला, पण सगळा पोचला. भाचा घटांगपासून मामांच्या मागे होता आणि प्रत्येक वळणाला हॉर्न वाजवत होता.

गवे सकाळ-संध्याकाळ चरायला बाहेर पडतात. सेमाडोहला दुचाकीने जाणार असाल तर चांगल्या उजेडात जा, आणि घाटात मागून कुणी घाई करत असेल तर त्याला आधी जाऊ द्या.