केस, लाज आणि लेसर

हुबळीच्या देशपांडे नगरासारख्या भागातही आता लेसर किरणांनी चेहऱ्यावरील व अंगावरील केस काढून मिळतात. लग्नाच्या वयाच्या मुली आणि त्यांच्या आया याविषयी चौकशी करतात, आणि ख्रिस्ती कुटुंबांनी हे करावे काय, असा प्रश्न मंडळीतही निघतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मुळात ही गोष्ट काय आहे, हे समजून घेणे बरे.

लेसर म्हणजे एकवटलेला, एकाच रंगाचा प्रकाश. केसातील काळे रंगद्रव्य तो शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ दुबळे होते. परंतु जे केस त्या वेळी वाढीला लागलेले असतात, त्यांच्यावरच हा परिणाम नीट होतो. म्हणून चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने सहा किंवा अधिक वेळा जावे लागते. रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो व काही काळ त्वचा लाल राहते. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसल्यामुळे तेथे उपाय चालत नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तेच रंगद्रव्य असल्याने भाजण्याचे वा डाग पडण्याचे भय अधिक. म्हणून योग्य यंत्र आणि जाणता त्वचारोगतज्ज्ञ पाहिजे. केस बहुधा विरळ होतात, पण कायमचे नाहीसे होतील असे वचन कोणी देऊ नये. मुलीच्या हनुवटीवर दाट केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर अंतःस्रावांचा दोष असू शकतो. तिला आधी वैद्यकीय तपासणीस न्यावे.

आता प्रश्न नीतीचा. कोणी म्हणतात, देवाने दिलेले केस काढणे हा त्याच्या निर्मितीचा अवमान आहे. पण असे म्हणणारे पुष्कळ बंधू रविवारी सकाळी दाढी करूनच उपासनेस येतात! नाजीर होणाऱ्याने केस वाढवावे आणि व्रत पूर्ण होताच मुंडन करावे, असे गणना ६ मध्ये सांगितले आहे. पौलानेही नवसामुळे किंख्रियात केस कातरले. तेव्हा केस ठेवण्यात पुण्य नाही व काढण्यात पाप नाही.

मग बिघडते कोठे? ते समजण्यासाठी आपल्याच इतिहासाकडे पाहावे. १८३१ साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांचे दुःख लोकांपुढे मांडले. त्या काळी विधवेच्या डोक्यावर केस असणे हीच लाज मानली जाई, आणि तिचे केशवपन बळजबरीने होई. अन्याय वस्तऱ्यात नव्हता. स्त्रीच्या देहाची लाज तिच्या मनाविरुद्ध इतरांनी ठरविली, यात होता. आज कोणी मुलीला बळाने बसवीत नाही. परंतु “अशा चेहऱ्याला स्थळ कसे येणार?” असे घरातच रोज ऐकावे लागले, तर तिची संमती कितपत स्वतंत्र राहिली?

एखादी मुलगी विचारपूर्वक, आपल्या सोयीसाठी हा उपाय करील, तर तिला दोष देऊ नये. तिच्या मनावर अनेक वर्षे ओझे असेल, तर ते हलके होण्यात आपणही आनंद मानावा. परंतु वरपक्षाच्या भयाने, कर्ज काढून कोणी तिला तेथे पाठवीत असेल, तर त्या घराशी वडील मंडळींनी प्रेमाने बोलले पाहिजे. आणि जी मुलगी हे काहीच करीत नाही, तिलाही मंडळीत तितकाच मान असावा.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना येथे मोठे काम आहे. वर्गात कोणी एखाद्या मुलीला तिच्या ओठावरील लवेवरून चिडविले, तर ते पोरखेळ म्हणून सोडू नये. आपल्या डोक्यावरचे केससुद्धा देवाने मोजलेले आहेत, हे प्रभूने भयभीत शिष्यांना धीर देण्यासाठी सांगितले. तो धीर त्या मुलीला आपल्या तोंडून मिळावा. चिडविणाऱ्या मुलालाही जवळ बोलावून तीच गोष्ट शांतपणे समजावून सांगावी. उद्या तोच कोणाचा तरी पती, कोणाचा तरी पिता होणार आहे.