ओकायामाला जाताना आपला वॉर्ड सोबत न्यावा

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईच्या बोरिवली-मुलुंडमधून निघणाऱ्या जपान सहलींचा मार्ग ठरलेला असतो: तोक्यो, फुजी, क्योतो, ओसाका. परतल्यावरच्या गप्पाही ठरलेल्या असतात. रस्ते किती स्वच्छ, गाड्या किती वेळेवर, माणसं कशी रांगेत. आणि समारोप हमखास एकच: ‘शिस्त त्यांच्या रक्तातच आहे हो, आपल्याकडे शक्य नाही.’ ऐकायला ही स्तुती वाटते, पण तिच्यात आपलीच सोय पाहिलेली असते. शिस्त एकदा रक्तावर ढकलली की महापालिकेला, लोकप्रतिनिधींना किंवा स्वतःला जाब विचारण्याचं कारण उरत नाही.

या सहलीतला एक दिवस तोक्योमधून काढून ओकायामाला द्यावा, असं मला वाटतं. शिन-ओसाकाहून शिंकान्सेनने जेमतेम पाऊण तास. हिरोशिमाला जाणारे बहुतेक प्रवासी हे स्टेशन खिडकीतूनच पाहतात. मराठी माणसाला मात्र हे नाव अगदीच परकं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. त्याला नाव आहे पु. ल. देशपांडे यांचं, जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेल्या आणि ‘पूर्वरंग’मधून मराठी वाचकाला जपान दाखवणाऱ्या लेखकाचं. नागपूरचे भदंत सुरेई ससाई हेही मूळचे ओकायामा प्रांतातलेच.

पण ओकायामाला जायचं ते या नात्यासाठी नव्हे, तर त्याच्या आकारासाठी. शहराची लोकसंख्या सुमारे सात लाख. 2011च्या जनगणनेत अंधेरी पश्चिमेचा के-पश्चिम हा एक वॉर्ड साडेसात लाखांच्या घरात होता. तोक्योशी आपण तुलना करूच शकत नाही, तिथे फक्त तोंडात बोट घालायचं. ओकायामाशी अंधेरीवाल्याला बरोबरीने बोलता येतं.

तिथे पाहण्याजोगं काय? आसाही नदीच्या पात्रातली कोराकुएन बाग. इकेदा त्सुनामासा या सरदाराने 1687 मध्ये सुरू केलेलं तिचं काम 1700 मध्ये पुरं झालं. विस्तीर्ण हिरवळ, तळी, चहाची झुडपं, चक्क भातखाचरसुद्धा. दोनशे वर्षांच्या आसपास ती सरदार घराण्याची खासगी मालमत्ता होती; 1884 मध्ये ती प्रांताच्या सरकारकडे आली आणि सगळ्यांना खुली झाली. नदीपलीकडचा काळा किल्ला 29 जून 1945च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. त्या एका रात्रीत शहरातली 1,700 हून अधिक माणसं गेली. आज दिसतो तो 1966 मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेला. बाग खुली करणं असो वा किल्ला पुन्हा बांधणं, कुणीतरी ठरवलं आणि पैसे घातले, म्हणून ते झालं.

शिस्तीचंही तसंच आहे. ओकायामाच्या गल्ल्यांत रात्री रस्त्याकडेला गाड्यांच्या रांगा दिसत नाहीत. याचं मूळ स्वभावात शोधण्याआधी 1962चा कायदा पाहावा. गाडी नोंदवण्यापूर्वी ती उभी करायला जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो. लोखंडवालात किंवा घाटकोपरच्या आतल्या रस्त्यांवर हा नियम लागू झाला तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. स्वच्छ हवेची कथाही वेगळी नाही. जपानच्याच किताक्यूशू शहरातल्या पोलाद कारखान्यांमुळे दोकाई उपसागराला 1960च्या दशकात मृत समुद्र म्हणत. तिथल्या तोबाता भागातल्या गृहिणींनी काजळी मोजली, पुरावे जमवले, 1965 मध्ये निळ्या आकाशाची मागणी करणारा माहितीपट केला आणि कारखान्यांना, पालिकेला हलवलं. चेंबूर-माहुलच्या रहिवाशांना या गोष्टीतलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

इथे प्रामाणिक आक्षेप येतो: त्यांच्याकडे जागा आहे. खरं आहे. ओकायामा शहर 790 चौरस किलोमीटरवर पसरलंय, आपला अख्खा उपनगर जिल्हा 446. दाटी ही सबब नव्हे, वास्तव आहे. शिवाय ओकायामाचं सगळंच हेवा करण्याजोगं नाही. तिथली ट्राम जेमतेम पाच किलोमीटरच्या आत संपते, पुढे बहुतेकांना मोटारच लागते. तरुण मोठ्या शहरांकडे जातात. देशभर रिकाम्या घरांची संख्या 90 लाखांवर गेली आहे. तीन-चार मिनिटांनी लोकल मिळणाऱ्या बोरिवलीकराने तिथे उगाच न्यूनगंड बाळगू नये.

जागा आपल्या हातात नाही, पण निर्णय कुणी घ्यायचे ही गोष्ट माणसांनीच ठरवलेली असते. सात लाखांच्या ओकायामाचा महापौर लोक थेट मतदानाने निवडतात. 2009 पासून शहराला प्रांताच्या तोडीचे बरेच अधिकारही आहेत. साडेसात लाखांच्या के-पश्चिमेचा कारभार एका नियुक्त सहायक आयुक्ताकडे असतो आणि खरी कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे. मार्च 2022 मध्ये पालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात कुणाच्या ड्रॉइंगरूममध्ये यावर जपानच्या फोटोंइतकी चर्चा झाली असेल, असं वाटत नाही.

प्रवासाने माणूस शहाणा होतो, असं आपण म्हणतो. तो शहाणपणा परक्या माणसांच्या गुणांची यादी करून येणार नाही. त्यांच्या व्यवस्थेकडे रहिवाशाच्या नजरेने पाहिलं तर येईल. ओकायामात एका दुपारी एवढंच विचारावं: ही बाग कुणाच्या पैशावर चालते, हा पदपथ कुणी आखला, तो बिघडला तर कुणाला घरी बसवता येतं? हेच प्रश्न घेऊन परतल्यावर वॉर्ड ऑफिसात जावं. उत्तरं ताबडतोब मिळणार नाहीत. पण ‘आपल्याकडे शक्य नाही’ हा निकाल देण्याआधी आपण निदान प्रयत्न केला, असं म्हणण्याचा हक्क तरी मिळेल.