‘लेट’ म्हणजे मज्जाव

भारतीय पारपत्रांत इंग्रजींत विनंती असते कीं, धारकास ‘लेट ऑर हिंडरन्स’ यांवांचून जाऊं द्यावें. ज्या ‘लेट’चा अर्थ ‘करूं देणें’ असा आम्ही शाळेंत घोकला, तोच येथें ‘अडथळा’ कसा? वस्तुतः हे शब्द दोन. जुन्या इंग्रजींत अडविणें तें ‘लेट्टन’. ‘उशिरा’ या अर्थाचा ‘लेट’ त्याचाच भाऊबंद. १६११ च्या इंग्रजी बायबलांतहि हा ‘अडविणें’ आढळतो. अडविणें म्हणजे मुळांत उशीर करविणें! नीतीच्या दृष्टीनें आम्हांस हें नातें फार बोलकें वाटतें. स्पष्ट नकार देणारा निदान नकाराचा दोष तरी पत्करतो. ‘पुढें पाहूं’ म्हणणारा नकार देऊनहि सज्जनच राहतो. आमच्या घरांतील एका मुलीचें शिक्षण आम्ही असेंच ‘पुढच्या वर्षीं’वर ढकलीत गेलों. तिला अडविलें, असें मात्र आम्हांस कधींच वाटलें नाहीं.