शंकासमाधान : वर्षअखेरची पार्टी, मार्गशीर्ष आणि परान्न

शंका १ : बिदर जिल्ह्यातील एका कार्यालयात दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस शहराबाहेरच्या ढाब्यावर सर्व कर्मचाऱ्यांची पार्टी ठरते. तेथे मांसाहार असतो, दारू असते आणि रात्री उशिरापर्यंत गाणी वाजतात. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या आणि मार्गशीर्षातील गुरुवार पाळणाऱ्या कर्मचाऱ्याला या पार्टीची धास्ती आठ दिवस आधीच लागते. न जावे तर साहेब आणि सहकारी तुटक वागतात, जावे तर नियम बाटल्यासारखे वाटते. धर्माला धरून काय करावे?

समाधान : ही अडचण या भागात वारंवार उद्भवते याला पंचांग बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. मार्गशीर्ष हा चांद्रमास आहे, आणि अधिक महिन्याच्या हिशेबाने तो इंग्रजी तारखांच्या मानाने मागेपुढे सरकत असला तरी डिसेंबरला सहसा सोडत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेची दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला आली. हुमनाबादजवळ माणिकनगर येथे माणिकप्रभूंच्या दरबारात आणि अफझलपूर तालुक्यात भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापुरात ज्या काळात दत्तजयंतीची गर्दी लोटते, त्याच्या आगेमागेच कार्यालयांत वर्षअखेरच्या पार्टीची वर्गणी गोळा होऊ लागते. घरात महालक्ष्मीचा घट मांडलेला आणि कार्यालयात ढाब्याचा बेत ठरलेला, अशा पेचात सापडणारा मनुष्य एकटा नाही.

प्रथम नियम म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. नियम हे मनुष्याने स्वतःहून स्वीकारलेले बंधन असते, आणि त्याला ठरावीक काळ व संकल्प यांची जोड मिळाली म्हणजे त्यास व्रत म्हणतात. माळकऱ्याचा नियम मद्य-मांस वर्ज्य करण्याचा, एकादशीचा, नामस्मरणाचा आणि पंढरीच्या वारीचा असतो. मार्गशीर्षातील गुरुवारचा नियम उपवासाचा, पूजेचा आणि सायंकाळच्या नैवेद्याचा असतो. ही सर्व बंधने पाळणाऱ्याच्या स्वतःच्या ताटाशी, वाणीशी आणि वेळेशी निगडित आहेत, शेजारच्या पाटावर कोण बसले आहे आणि त्याच्या ताटात काय वाढले आहे याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. दृष्टिदोष मानणारे कडक आचाराचे लोक आजही आढळतात आणि त्यांच्या घरापुरता त्यांचा आचार त्यांनी अवश्य पाळावा. परंतु जो मनुष्य रोज दुपारी याच सहकाऱ्यांच्या शेजारी बसून डबा उघडतो, त्याने वर्षातून एकदाच दृष्टिदोषाची आठवण काढणे सयुक्तिक ठरत नाही.

या प्रश्नाचा अगदी जवळचा दाखला याच मातीतल्या ग्रंथात आहे. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राच्या छत्तिसाव्या अध्यायात गाणगापुरातील एका वैदिक ब्राह्मणाची कथा येते. परान्न, म्हणजे दुसऱ्याच्या घरी शिजवलेले अन्न, न घेण्याचे त्याचे व्रत होते आणि कोरड्या भिक्षेवर त्याचा संसार चालत असे. गावात एक धनिक दांपत्यभोजने घालू लागला तेव्हा त्याच्या पत्नीला तेथे जावेसे वाटले, परंतु पतीने व्रताचे कारण सांगून नकार दिला. तिने गुरू नृसिंहसरस्वतींकडे गाऱ्हाणे नेले आणि त्यांनी पतीस बोलावून पत्नीसह भोजनास जाण्याची आज्ञा केली. तो गेला. पंक्तीत बसल्यावर मात्र आपल्याबरोबर कुत्री आणि डुकरे जेवत असल्याचे पत्नीला दिसले, ती किळसून उठली आणि पुढे दोघेही गुरूंकडे परतली. पत्नीची वासना फिटली आणि आज्ञेने गेलेल्या पतीला दोष लागला नाही, असा या प्रसंगाचा निवाडा आहे. त्यानंतर कोणाकडचे अन्न चालते याची चर्चा होते, आणि गुरू, साधू, सासरा, मामा, भाऊ यांच्या घरी दोष नाही असे सांगितल्यावर एक महत्त्वाचा अपवाद येतो : एखाद्याचे कार्य ब्राह्मणाअभावी अडून राहिले असेल तर तेथे जेवावयास गेले पाहिजे.

या अध्यायातील सर्व काही आजच्या वाचकाने जसेच्या तसे उचलावे असे नाही. त्यातील आचार विशिष्ट वर्णाच्या गृहस्थासाठी सांगितलेला आहे, आणि मोहाचा सारा भार पत्नीच्या माथी टाकण्याची त्यातील रीतही आज पटण्यासारखी नाही. तरीही व्रताचा इतका कडक पुरस्कार करणारा ग्रंथ, दुसऱ्याचे अडत असेल तेथे व्रताला मुरड घालण्यास सांगतो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पंक्तीला जाण्याने व्रत आपोआप मोडते असे तो मानत नाही. कोणत्या ओढीने माणूस पंक्तीला गेला, याकडे त्याचे लक्ष आहे.

हा विचार ढाब्यावरच्या पार्टीस लावला असता निर्णय पुष्कळ सोपा होतो. दारूचा आग्रह होणार नसेल आणि शाकाहारी ताटाची सोय असेल तर माळकऱ्याने तेथे जाण्यास धर्माची आडकाठी नाही. शाकाहारी ताटाची सोय आधी सांगून करून घ्यावी. हा सीमाभाग लिंगायत समाजाचाही असल्याने मद्य-मांस न घेणारे सहकारी प्रत्येक कार्यालयात चार-दोन तरी असतातच, आणि त्यांनी एकत्रितपणे सांगितले तर वेगळी चूल मागणेही जड जात नाही. गुरुवार असेल तर घरची पूजा आणि नैवेद्य आटोपून उशिरा जावे, एकादशी असेल तर नुसते भेटून यावे. जेथे पेला हातात कोंबण्याची थट्टा चालते तेथून मात्र उठून यावे, आणि अशा वेळी उठण्यास भिडेचे कारण नाही. सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांतही नशेच्या अवस्थेत सार्वजनिक ठिकाणी वावरण्यास मनाई आहे, म्हणजे ‘साहेबांचा आग्रह’ या शब्दांना नियमाचा कोणताही आधार नाही. तेथे जाऊन इतरांच्या ताटावर प्रवचन करणे हे न जाण्यापेक्षा वाईट, हेही येथेच सांगितलेले बरे.

शंका २ : व्रताची किंवा माळेची अडचण नाही. परंतु अशा गर्दीत मन रमत नाही, जीव गुदमरतो. घरी मराठी, कार्यालयात कन्नड आणि बाजारात दख्खनी उर्दू अशा व्यवहारात दिवस निघतो. पण रात्री विनोद वेगवान कन्नडमध्ये सुरू झाले की कोपऱ्यात बसून हसण्याचे सोंग करावे लागते. न जाणे हा दोष आहे काय?

समाधान : गर्दीची नावड हा दोष आहे असे शास्त्र म्हणत नाही. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना एकांताची आवड आणि लोकसमुदायाविषयी अरुची या दोहोंचा समावेश केलेला आहे, आणि ज्ञानेश्वरीत या लक्षणांचा मोठा विस्तार आढळतो. परंतु त्याच यादीच्या अगदी आरंभी अमानित्व आणि अदंभित्व, म्हणजे मोठेपणाची हाव नसणे आणि धार्मिकतेचे प्रदर्शन नसणे, ही दोन लक्षणे येतात. जो मनुष्य ‘आपल्याला असले चाळे आवडत नाहीत’ असे चारचौघांत ऐकवून घरी बसतो, त्याने यादीतले नंतरचे लक्षण मिळवण्याच्या नादात पहिली दोन गमावलेली असतात. उलट तिसऱ्या अध्यायात जनकाच्या उदाहरणाने लोकसंग्रहाचा, म्हणजे लोकांना एकत्र धरून ठेवणाऱ्या कर्माचा, उपदेश आहे, आणि तो एकांतप्रिय माणसालाही लागू आहे. दोन्ही उपदेश एकाच ग्रंथातले असल्याने त्यांपैकी सोयीचा तेवढा घेता येत नाही.

म्हणून प्रत्येक बोलावण्याचे स्वरूप वेगळे पाहावे लागते. १ नोव्हेंबरचे कर्नाटक राज्योत्सवाचे ध्वजवंदन आणि खंडेनवमीची आयुधपूजा हे कार्यालयाच्या कामाचेच अंग आहे. तेथे अरुचीचा प्रश्न येत नाही. निवृत्त होणाऱ्या शिपायाचा निरोपसमारंभ हे ऋणाचे काम आहे आणि तेथे साहेबांच्या पार्टीपेक्षाही अगत्याने गेले पाहिजे, कारण तेथे अनुपस्थित राहिलेल्याची नोंद कोणी ठेवत नसले तरी त्या माणसाला ती अनुपस्थिती लागते. केवळ करमणुकीसाठी जमणाऱ्या मंडळींत जाण्याचे बंधन मात्र कोणत्याही धर्माने घातलेले नाही.

येथे या भागातील एका सणाचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मार्गशीर्ष अमावास्येस लातूर-धाराशिवप्रमाणेच औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातही वेळ अमावास्या साजरी होते. मराठी बोलीत ती येळवस आणि कन्नडमध्ये एळ्ळ अमावस्या. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला आली, म्हणजे वर्षअखेरच्या पार्टीपासून एका दिवसावर. शेतात कडब्याची खोप उभारून पांडवांची पूजा होते, आणि हरभरा, तूर, वाल, वाटाणा व पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारीची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर यांचे जेवण शेतातच होते. शेत असलेला माणूस नसलेल्याला बोलावतो. कार्यालयातील कारकून, शिक्षक, बँकेतील रोखपाल, मोटारीचा चालक असे सर्व जण एकाच शेतात जेवतात आणि त्यांत जातीची किंवा भाषेची चौकशी फारशी होत नाही. शहरातल्या कार्यालयांनी वर्षअखेरचा ढाबा बंद करून सर्वांना येळवशीला न्यावे असा मोह लेखणीला होतो, पण तो आवरता घेणे योग्य, कारण शेतातही काही मंडळी पिशवीतून बाटली आणतातच. तरीही जो मनुष्य ढाब्याच्या नावाने घाबरतो तोच येळवशीला आनंदाने जातो असे पुष्कळदा दिसते, आणि त्याचे कारण शोधण्याजोगे आहे. तेथे हाताला काम असते : आंबील वाढावी, पाणी आणावे, पोरांना बोरे पाडून द्यावीत. निव्वळ बसून हसण्याची सक्ती नसते, आणि नको वाटले की बांधावरून फेरफटका मारता येतो.

यातून मार्ग निघतो. ज्याला गर्दी सोसत नाही त्याने पार्टीत एखादे काम अंगावर घ्यावे, म्हणजे जेवणाची व्यवस्था पाहावी, वयस्कर कर्मचाऱ्यांना घरी पोचवण्याची जबाबदारी घ्यावी, हिशेब ठेवावा. कन्नड विनोद कळत नसेल तर शेजाऱ्याला अर्थ विचारावा. ज्या जिल्ह्यात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी निरनिराळ्या व्यवसायांच्या शरणांना एका अनुभव मंटपात बसवले असे परंपरा सांगते, तेथे शेजाऱ्याच्या भाषेतला विनोद विचारून घेण्यात कमीपणा कसला? तासभर बसून, ज्यांच्याशी वर्षभर काम पडते त्यांच्याशी चार शब्द बोलून निरोप घ्यावा. एवढेही जमत नसेल, छातीत धडधड वाढत असेल, झोप उडत असेल, तर न जावे. ती धर्माची शंका उरत नाही, प्रकृतीची तक्रार होते, आणि तिच्यासाठी वैद्याकडे जाण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

शंका ३ : नकार देताना ‘उपवास आहे’ असे खोटे सांगितले तर चालते काय? कोणाचे मन दुखावत नाही.

समाधान : चालत नाही. असत्याचा दोष तर आहेच, परंतु त्याहून मोठी हानी खऱ्या व्रतस्थाची होते. पुढच्या वेळी जो कर्मचारी खरोखर उपवासाने थांबतो त्याच्याकडेही सहकारी संशयाने पाहू लागतात. ‘यंदा येणे होणार नाही, क्षमा असावी’ एवढे वाक्य पुरेसे आहे. त्याला कारण जोडण्याची गरज नसते, आणि कोणी कारण विचारलेच तर ‘गर्दीत बरे वाटत नाही’ हे खरे कारण सांगण्यात उणेपणा नाही.

शंका ४ : न जाणाऱ्याने वर्गणी द्यावी काय? आणि जाणाऱ्याने दारूच्या खर्चाचा वाटा उचलावा काय?

समाधान : मद्याला हात न लावणाऱ्याने दुसऱ्याच्या मद्याचे पैसे भरणे हे नियमाशी विसंगत आहे, ‘सर्वांचे समान’ हा हिशेब जेवणापुरता न्याय्य, पेल्यापुरता नाही. जेवणाचा आणि जागेचा वाटा मात्र जाणाऱ्याने पूर्ण द्यावा, आणि न जाणाऱ्यानेही नाव दिल्यावर ऐनवेळी माघार घेतली असेल तर तो चुकवू नये, कारण ढाबेवाल्याने ताटे मोजूनच स्वयंपाक केलेला असतो. दोन्ही गोष्टी वर्गणी गोळा होण्याच्या दिवशीच, यादी करणाऱ्याला स्पष्ट सांगाव्यात. बिल आल्यावर सांगणे योग्य नाही.