प्रलयाचा पंचनामा

जगाचा अंत कल्पिण्याची हौस मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. परंतु त्या अंताचे कारण मनुष्याच्याच उपभोगलालसेत शोधावे, आणि उद्ध्वस्त जगाचे चित्र रेखाटून नांदत्या बाजारपेठेची झडती घ्यावी, हा विचार पुष्कळ वळणे घेत आजच्या रूपास आला आहे. त्याचे बीज आपल्या महाभारतातच सापडते. मौसलपर्वातील यादव परचक्राने किंवा दुष्काळाने नष्ट होत नाहीत. ऐश्वर्याने सुस्तावलेले आणि मद्याने उन्मत्त झालेले ते वीर प्रभासक्षेत्री परस्परांचाच संहार करतात, आणि मागाहून त्यांची द्वारका समुद्र गिळून टाकतो. शाप येथे आहेच. पण तो फळास येतो तो समृद्धीच्या भूमीत. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) खांडववनाच्या दहनाकडे नव्या दृष्टीने पाहिले, आणि पांडवांच्या वैभवाच्या जमाखर्चात आपण जी रक्कम सहसा धरीत नाही, ती एका जळालेल्या अरण्याची व त्यातील जीवांची रक्कम वाचकापुढे मांडली.

युरोपात या विचाराचा प्रवास यंत्रयुगाच्या सोबतीने झाला. मेरी शेली यांच्या ‘द लास्ट मॅन’मध्ये (१८२६) मनुष्यजात साथीच्या रोगाने नामशेष होते, तेथे बाजारावर दोषारोप नाही. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) भूमीवर ऐदी उपभोग घेणारे आणि भूमीखाली यंत्रे चालविणारे अशी मनुष्याची दोन कुळे पडलेली दिसतात, व खालचे कुळ वरच्याला भक्षू लागलेले असते. ई. एम. फॉर्स्टर यांच्या ‘द मशीन स्टॉप्स’ या कथेत (१९०९) बटण दाबताच अन्न, संगीत आणि संभाषण पुरविणारे यंत्र बंद पडते आणि त्याबरोबर माणसेही मरतात. रे ब्रॅडबरी यांच्या १९५० सालच्या एका कथेत अणुस्फोटानंतर घरात कोणीही उरलेले नसताना स्वयंचलित घर न्याहारी शिजवीत राहते. पुढे जॉर्ज रोमेरो यांच्या ‘डॉन ऑफ द डेड’ या चित्रपटात (१९७८) प्रेते उठून चालू लागतात आणि जिवंतपणीच्या सवयीने एका भव्य बाजारसंकुलात गर्दी करतात. तर कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या ‘द रोड’मध्ये (२००६) जळून राख झालेल्या मुलखातून एक बाप व मुलगा दुकानातली सामानाची गाडी ढकलीत चालले आहेत, एवढीच त्या बाजाराची खूण शिल्लक राहते. संहारकर्ता प्रथम दैव होते, मग यंत्र झाले, आणि शेवटी खरेदी करणाऱ्याचा स्वतःचा हातच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

मराठीत हा आरोप उशिरा आला, आणि त्याचे कारण आपल्या दैन्यात आहे. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ कथेत मुंबईत बर्फ पडते. संकट निसर्गातून येते आणि विज्ञान त्यावर उपाय शोधते. शिधापत्रिका आणि रॉकेलच्या रांगा यांत ज्या पिढीचे आयुष्य गेले, तिला वस्तूंच्या अतिरेकाची भीती दाखविणे विनोदी ठरले असते. तथापि दुसऱ्या एका वाटेने हा विचार आपल्याकडे आला. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या नावांनी मराठीत आणल्या. अरण्य तोडून वस्ती उभारणारी, झाडांशी जन्मभर वैर धरणारी नायिका वार्धक्यात त्याच झाडांसाठी हळहळते. एका जगाचा अंत येथे दुसऱ्या जगाच्या भरभराटीच्या रूपाने होतो, आणि ही गोष्ट प्रलयकथांच्या ठरीव साच्यापेक्षा मला अधिक खरी वाटते.

हे सारे ग्रंथांतले झाले; पण उत्तरेस वारणा आणि दक्षिण भागात पंचगंगा अशा दोन नद्या लाभलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याला प्रलयाची कल्पना पुस्तकातून शिकावी लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फुटांच्याही वर गेली, शिरोलीजवळ पुणे–बेंगळूरु महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि चहूकडे पाणी असता पिण्याच्या पाण्याची व पेट्रोलची टंचाई पडली. पूर ओसरल्यावर पंचनामे झाले. सरकारी मदतीच्या निकषांत घर, जनावरे, पीक, कपडे आणि भांडी यांची नावे आहेत. दूरचित्रवाणी संच व शीतकपाट यांना तेथे स्थान नाही. निकष लिहिणाऱ्यांच्या मनात कोणतेही तत्त्वज्ञान नसेल. पण गरज आणि चैन यांमधली जी सीमारेषा आखण्यासाठी पाश्चात्त्य कादंबरीकारास सारी पृथ्वी जाळावी लागते, ती येथे तलाठ्याच्या कागदावर आखलेली असते.

मात्र या तालुक्याची कैफियत इतकी सरळ नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे ते गाव कापडाचे आगर झाले. हुपरीत चांदीचे दागिने घडतात, कारखान्यांत साखर होते. दूरच्या शहरातील गृहिणी नवी साडी घेते म्हणून येथील माग चालतो. आणि त्याच कापडाच्या रंगप्रक्रियेचे सांडपाणी पंचगंगेला दूषित करते. तेव्हा ‘खरेदी थांबवा’ हा उपदेश येथे विणकराच्या ताटावर येतो, आणि ‘खरेदी चालू द्या’ हा उपदेश नदीच्या मुळावर येतो. प्रलयोत्तर कथांची खरी उणीव मला येथे दिसते. त्या दुकानापाशी थांबतात, कारखान्यापर्यंत जात नाहीत. रिकामी फळी दाखवितात, पण ती फळी भरणाऱ्या हातांचे काय झाले, हे बहुधा विचारीत नाहीत. शिवाय ज्या वृत्तीवर प्रहार करावयाचा, तिलाच तिकिटे आणि पुस्तके विकून त्या कथा पोट भरतात, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तरीही या वाङ्मयाचे मोल कमी लेखू नये. वस्तूंची सवय सुटल्याखेरीज वस्तू दिसत नाहीत, आणि ती सवय कल्पनेत तरी सोडविण्याचे काम या कथा करतात. मराठी लेखकाने मात्र त्यांची नक्कल करू नये. मागावरचा कामगार, रंगाने काळवंडलेली नदी आणि पुराआधीचा व पुरानंतरचा संसार या तिघांचा हिशेब एकत्र मांडणारी कादंबरी लिहिण्याची सामग्री हातकणंगले तालुक्यात विपुल आहे; ती हाती घेणाऱ्या लेखकास जगाचा अंत कल्पावा लागणार नाही, केवळ चालू जगाकडे निर्भयपणे पाहावे लागेल.