मोजलेली घरे

इटलीतल्या विचेंझा शहरात आंद्रेआ पाल्लादिओने 1550 च्या सुमारास किएरिकाती घराण्याच्या महालाचे नकाशे काढले. काम सुरू झाले आणि रखडले. मालक गेला. 1580 मध्ये पाल्लादिओही गेला. महाल पुरा व्हायला सतरावे शतक सरत आले. मधली शंभराहून अधिक वर्षे तो कागदावर पुरा होता आणि जमिनीवर अर्धा. कागदाला घाई नसते.

1570 मध्ये पाल्लादिओने वास्तुकलेवरचा आपला चार भागांचा ग्रंथ छापला. त्यात स्वतःच्या इमारती दिल्या. पण पुष्कळ ठिकाणी त्या जशा उभ्या राहिल्या तशा नाहीत. जशा उभ्या राहायला हव्या होत्या तशा आहेत. जमिनीवर कुठे पैसा आटला, कुठे जागाच वाकडी निघाली. पुस्तकात सगळे काटकोन शाबूत आहेत. आत्मचरित्रकारांना ही युक्ती त्याच्याकडून शिकावी लागली नसावी.

त्याच्या हातचे कागद अधिक प्रामाणिक. तीनशेहून जास्त आज लंडनला आहेत. त्यांतले बरेच इनिगो जोन्स या इंग्रज वास्तुविशारदाने मिळवलेले. त्या काळी शाई लावण्याआधी टोकदार सळईने नुसता चरा ओढत. कागद समोर धरला तर तो दिसत नाही. तिरप्या उजेडात धरला की दिसतो. कर्कटकाचे भोक दिसते. ओढलेली पण शाईने कधीच न गिरवलेली रेघ दिसते. माणसाचे मन बदलल्याची खूण बहुधा एवढीच उरते.

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. आपल्याकडच्या वाड्यांना असे कागद फारसे लागत नसत. मालकाने सांगायचे : इतके खण, इतके मजले, इतके चौक. पुढचे सुतार आणि गवंडी जाणत. खण म्हणजे दोन तुळयांमधले अंतर. ते अंतर लाकूड ठरवी, मालक नव्हे. त्यामुळे गरिबाच्या आणि सावकाराच्या खणात फरक थोडा. ऐपत दिसे ती खणांच्या संख्येत. माणसामाणसांतले बरेचसे फरक याच जातीचे असतात.

ज्याने घर उभे केले त्याच्या डोक्यात ते होते. तो गेला, नकाशा गेला.

मागे उरला तो खर्च. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730 ची, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ची, खर्च 16,110 रुपये. पुढे वाड्यात भर पडत गेली. 1828 च्या आगीत वाडा जळाला. खर्च वरच्या दहा रुपयांसकट ठाऊक आहे. आतले महाल कसे दिसत यावर आता तर्क चालतात. तिकडे इच्छा जपली गेली, इकडे हिशेब. हिशेबाला हसू नये. इच्छा एकट्याला लिहिता येते. हिशेबाला दुसरा माणूस लागतो, आणि त्याच्यावर थोडा अविश्वास.

बारामतीचे नाईक सावकार होते. पहिले बाजीराव पेशवे त्यांचे ऋणको. धाकटे नाईक, आबाजी, बाजीरावांचे मेहुणे. 1740 मध्ये बाजीराव गेले तेव्हा पेशवाई बाबूजींना मिळावी म्हणून रघूजी भोसल्यांनी जोर लावला. शाहू महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. पैसा होता, पाठिंबा होता, बेत उत्तम आखलेला होता. इमारत उठली नाही. मोठ्या माणसांच्या अशा न उठलेल्या इमारती असतात. त्यांच्याविषयी घरात बोलत नाहीत.

याच नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत बारामतीत राहिले. ज्याचा मोठा बेत फसला त्याच्या सावलीत एक कवी आयुष्यभर मात्रा मोजत बसला. मराठीत बारामतीचे नाव आधी झाले ते त्या मोजण्याने. (नंतर इतर कारणांनी झाले. ती इथे नकोत.)

शेजारच्या इंदापूर तालुक्यात मोजणीची गोष्ट वेगळी आहे. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले. फुगवटा मागे पसरला. जुने पळसदेव गाव पाण्याखाली गेले. त्याआधी भरपाई ठरवायला मोजणीदार आले, टेप आल्या. भिंत मातीची की दगडाची. वर माळवद की पत्रा. दारे किती. लांबी, रुंदी, किंमत. यांतल्या कित्येक घरांच्या वाट्याला आलेला हा पहिलाच कागद. महालाचा नकाशा निघतो तो घर व्हावे म्हणून. इथला निघाला घर राहणार नाही म्हणून.

मोजणीत खोटे काही नव्हते. फक्त दिव्याचा कोनाडा भिंतीतच धरला गेला. उंबऱ्याला पडलेली खोलगट झीज घसारा म्हणून वजा झाली. किंमत कमी मिळाली ही तक्रार माणसे मोठ्याने करतात. दुसरी तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची हे त्यांना कळत नाही, म्हणून तीही पहिल्याच रकान्यात जाते आणि आकडा फुगतो. कचेरीला वाटते, लोभ आहे.

तो कागद काही ट्रंकांत अजून आहे. घडीवर फाटलेला. एका ट्रंकेची किल्ली माझ्याकडे असते.

उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावातल्या पळसनाथाच्या देवळाचे शिखर वर येते. पावसाने फारच ओढ दिली तर सगळे देऊळ उघडे पडते. मग होड्या येतात, कॅमेरे येतात. रोहित पक्षी बघायला आलेलेही वाट वाकडी करून येतात. जरा बाजूला भेगाळलेल्या गाळात दगडी जोती दिसू लागतात. तिकडे फक्त वयस्क माणसे वळतात. चपला काढाव्यात की नाही, यावर घुटमळतात. एखादा जोत्यावर चढतो, धोतराचा सोगा सावरतो आणि पावलांनी खण मोजू लागतो. चौथ्यावर थांबतो. मागे वळून पाहतो. पुन्हा पहिल्यापासून मोजतो.