बापाची इच्छा व मुलाचा कल

मुलाने कोणता धंदा पत्करावा हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, त्याचा स्वतःचा की ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन त्यास शिकविले त्यांचा? खेडोपाडीच्या घरांतून हा प्रश्न आता वारंवार निघतो. मुलगा बरे गुण मिळवून दहावी उतरला की त्याने डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावे, ते न जमल्यास सरकारी नोकरीच्या परीक्षांस बसावे, असे घरची माणसे ठरवून टाकतात. आणि मुलाचा जीव सुतारकामात नाहीतर पेटीच्या सुरांत गुंतलेला असतो. अशा आईबापांस कित्येक जण लोभी म्हणतात. आम्हांस ते खरे वाटत नाही. ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, त्यांस आपली गरिबी मुलाच्या वाट्यास येईल ह्याचे भय वाटते, व त्या भयास उत्तर मिळण्याचा त्यांचा हक्क आहे.

ह्या बाबतीत चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या तरुणपणची हकीकत विचार करण्याजोगी आहे. त्याचे वडील श्रूजबरी गावचे नामांकित डॉक्टर होते. त्यांनी ह्या सोळा वर्षांच्या मुलास 1825 साली एडिंबरो येथे वैद्यक शिकावयास धाडिले. त्या काळी शस्त्रक्रियेसाठी गुंगीचे औषध निघाले नव्हते. एका लहान मुलावरील शस्त्रक्रिया चालू असताच डार्विन तेथून पळाला, तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. मग वडिलांनी त्यास पाळक करण्याचे योजून केंब्रिजला पाठविले. तेथे त्याचे चित्त भुंगेरे गोळा करण्यात! (तशा मनाने तो आमच्या कामात पडता तर कोण्या एका मंडळीचे हाल झाले असते.)

पुढे 1831 साली 'बीगल' जहाजाबरोबर सृष्टीचा अभ्यासक म्हणून जाण्याविषयी त्यास बोलावणे आले. वडिलांनी हरकत घेतली: बेत अविचाराचा आहे, होणाऱ्या पाळकास तो शोभत नाही, ह्याने मुलगा कधीच स्थिरावणार नाही. तरी त्यांनी एक वाट मोकळी ठेविली. जाण्याचा सल्ला देणारा एक जरी समंजस मनुष्य मिळाला तर आपण संमती देऊ, असे ते म्हणाले. डार्विनने नकाराचे पत्र लिहिले व तो आपल्या मामांकडे गेला. मामा जोसाया वेजवुड ह्यांनी वडिलांची एकेक हरकत घेऊन तीस लेखी उत्तर दिले, आणि भाच्यास गाडीत घालून ते स्वतः मेहुण्यांकडे आले. वडिलांनी शब्द पाळला. सुमारे पाच वर्षांच्या त्या सफरीचा खर्चही त्यांनीच सोसला.

आम्हांस ह्या गोष्टीत भाच्याहून मामांचे अधिक कौतुक वाटते. आमच्या गावी असा तंटा झाला म्हणजे उपदेशकास किंवा मास्तरांस बोलावणे येते खरे, पण ते बहुधा मुलाची समजूत घालण्याकरिता. बापाच्या हरकती मांडून घेऊन त्या तपासाव्या, असे कोणी म्हणत नाही. अर्थात डार्विनच्या वडिलांजवळ पैसा होता. आमच्या मजुराजवळ तो नाही. म्हणून येथील मामाचे काम अधिक कठीण आहे. घरावर कर्ज किती, धाकट्या बहिणीच्या शिक्षणास काय लागेल, सुतारकाम शिकता शिकता मुलगा दरमहा घरी काय देऊ शकेल, आणि किती वर्षांत त्याचा हात बसेल, हे सर्व त्याने बापलेकांस समोरासमोर बसवून विचारावे, व मुलाजवळ ह्याचे उत्तर नसल्यास ते शोधावयास त्यास एखाद्या चांगल्या सुताराकडे घेऊन जावे.